भांडणाचं माप

अक्कांनी आयुष्यभर भोकं केली. हे ऐकून कुणाला हसू आलं तर त्या रागावत नसत. समोर बसवून समजावून सांगत.

"हे बघ," त्या म्हणत, "वितळलेलं लोखंड साच्यात ओतलं की ते सापडेल ती जागा भरून टाकतं. पण यंत्र म्हटलं की बोल्ट घालायला भोक हवं, दांडा फिरायला भोक हवं. गार लोखंडाला भोक पाडत बसलं तर जीव जातो. म्हणून जिथं भोक हवं तिथं साच्यात आधीच वाळूची भाजलेली कांडी उभी करायची. लोखंड तिला वळसा घालून जातं. नंतर कांडी फोडून काढली की झालं भोक. त्या कांडीला म्हणायचं कोअर. यंत्रात काय असावं ते बाकीचे बघायचे, काय नसावं ते मी बघायची."

फाउंड्री शेतीची यंत्रं करायची. नांगराचे फाळ व्हायचे, पेरणीयंत्राची चाकं व्हायची, पण खरं नाव होतं ते चारा कापायच्या यंत्राचं. माणसाच्या छातीएवढं चाक, त्याला दोन पाती, आणि चाक पेलायला दोन बाजूंना दोन लोखंडी चौकटी. चाक हातानं फिरवायचं, एकीकडून चारा सारायचा, दुसरीकडे बारीक तुकड्यांचा ढीग. यंत्र इतकं दणकट की घेणारा म्हातारा व्हायचा, पण यंत्राचं काही बिघडायचं नाही. त्यामुळे तो पुन्हा दुसरं घ्यायलाही येत नसे. फाउंड्री बंद पडायला जी काही कारणं झाली, त्यांतलं हेही एक असावं असं अक्कांना नेहमी वाटे.

फाउंड्रीत अक्कांचा धाकटा भाऊ होता आणि नवराही होता. भाऊ नवऱ्याला दाजी म्हणे, म्हणून सगळी फाउंड्री त्यांना दाजी म्हणू लागली. नवरा भावाला मेहुणे म्हणे, म्हणून सगळी फाउंड्री त्याला मेहुणे म्हणू लागली. भट्टीवर कोळसा टाकणारासुद्धा म्हणायचा, "मेहुणे, जरा बाजूला व्हा."

मेहुणे फर्मे करायचे. जी वस्तू ओतायची तिची लाकडी प्रतिकृती म्हणजे फर्मा. दाजी तो फर्मा काळ्या वाळूत दाबून बसवायचे, वाळू ठोकून घट्ट करायचे आणि फर्मा अलगद वर उचलायचे. वाळूत जो आकार राही तो साचा. त्यात लोखंड ओतायचं. दोघांची कामं एकमेकांना अशी चिकटलेली, आणि दोघांत मात्र विस्तव जात नसे. काही बिघडलं की दाजी म्हणत, "फर्माच खोटा." मेहुणे म्हणत, "वाळूला हात लावायची अक्कल लागते." अक्का मधल्या खोलीत कोअर भाजत दोन्हींकडचं ऐकत असत.

फाउंड्री बंद झाली त्या दिवशी फाटकापाशी दोघांचं कडाक्याचं वाजलं. पूर्वी कधीतरी एका मोठ्या चाकाला तडा गेला होता, तेवढ्यावरून. मेहुणे पाठ फिरवून गेले ते गेलेच. त्यानंतर त्यांनी अक्कांच्या घराची पायरी चढली नाही. अक्का भावाला भेटायला त्याच्या घरी जात. परत आल्यावर दाजी पेपरातून डोकं वर न काढता विचारत, "बरा आहे ना?" अक्का म्हणत, "तुम्हीच जाऊन बघा." दाजी पेपराचं पान उलटत.

भावानं आपल्या घरी येऊन आपल्या टेबलाशी बसून जेवावं, एवढंच अक्कांना हवं होतं. पण वर्षं गेली आणि ते काही झालं नाही.

मग एके दिवशी मॅडम आल्या. मॅडम म्हणजे जुन्या मालकांची नात. फाउंड्रीची बाकी जागा विकली गेली होती, फक्त फर्मे करायची लांबोडकी खोली शिल्लक होती. तिथं फाउंड्रीच्या इतिहासाचं दालन करायचं मॅडमच्या मनात होतं. मुलं येतील, बघतील, शिकतील.

"मुलांना नुसतं काचेआडचं दाखवायचं नाही हो अक्का," मॅडम म्हणाल्या. "एक यंत्र चालू पाहिजे. मुलांनी चाक फिरवायचं, चारा कापायचा. एक यंत्र मिळालंय, पण त्याची एक चौकट मोडून गेलीय. ती नवी ओतायला हवी. म्हणून काकांना आणि तुमच्या भावाला मी उद्या इथंच बोलावलंय, चहाला. चालेल ना?"

बिचारीला काहीच माहीत नव्हतं. "चालेल की," अक्का म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मेहुणे खरोखर आले. दारात उभे राहिले. दाजी खुर्चीतून उठले.

"या."

"हो."

"बसा की."

"तुम्ही बसा आधी."

"छे, तुम्ही बसा."

दोघंही बराच वेळ उभेच राहिले. शेवटी मॅडमनीच दोघांना बसवलं. अक्का स्वयंपाकघरात जाऊन उगाचच पातेल्यावर पातेलं ठेवत राहिल्या, कारण डोळे पुसायला दुसरं निमित्त नव्हतं.

त्या दिवसापासून मेहुणे रोज येऊ लागले. आणि दोघं असे वागू लागले, जणू दोन अनोळखी माणसं एका डब्यातून लांबच्या प्रवासाला निघालीत. "तुमचं बरोबर आहे, दाजी." "तुम्ही म्हणाल तसं, मेहुणे." जेवताना तर कोण आधी वाढून घेणार यावरच अन्न गार होई. एकदा मेहुण्यांना ठसका लागला तर दाजींनी स्वतः उठून पाणी दिलं. अक्कांनी मनाशी ठरवलं, आता काहीही होवो, ह्याला तडा जाऊ द्यायचा नाही.

फर्म्यांच्या खोलीच्या भिंतीवर जुन्या मालकांनी रंगानं काढून घेतलेलं यंत्राचं चित्र अजून शाबूत होतं. ते अगदी पुऱ्या मापाचं होतं. यंत्र जेवढं तेवढं चित्र. फाउंड्रीत पिढ्यान्‌पिढ्या माप घ्यायचं ते ह्या भिंतीवरून. मेहुण्यांनी भिंतीवरून चौकटीचं माप उतरवलं आणि सुरेख फर्मा केला. गावातल्या तांत्रिक शाळेत मुलांना शिकवायला एक लहानशी भट्टी होती. तिथल्या मास्तरांनी ती पेटवायचं कबूल केलं. दाजींनी साचा केला, अक्कांनी कोअर भाजल्या, मास्तरांनी लोखंड ओतलं.

चौकट गार झाल्यावर फर्म्यांच्या खोलीत नेऊन यंत्राला लावून बघितली. एका टोकाचा बोल्ट छान गेला. दुसऱ्या टोकाला भोकासमोर भोक येईना. चौकट आखूड होती. थोडीथोडकी नाही, चांगली बोटभर.

आता सुरू, अक्कांना वाटलं.

"चूक माझी," मेहुणे म्हणाले.

"काहीतरीच! चूक माझी," दाजी म्हणाले.

"तुमचा साचा नजर लागावी असा होता."

"पण फर्मा काय होता! हात फिरवत राहावंसं वाटत होतं."

मास्तर एकदा ह्याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत राहिले. फाउंड्रीतल्या ह्या दोघांविषयी त्यांनी बरंच ऐकलं होतं. ती माणसं ही नव्हेत, अशी त्यांची खात्री झाली असावी.

"काका," मॅडम म्हणाल्या, "यंत्राची जी चौकट चांगली आहे तिच्यावरूनच माप घेतलं तर?"

ह्यावर मात्र दोघांचं एकमत झालं आणि दोघांनीही एकदमच नाक मुरडलं. "ओतलेल्या मालावरून माप घ्यायचं?" मेहुणे म्हणाले. "म्हणजे शेजारच्या मुलाचं बघून गणित उतरवायचं? माप भिंतीवरून. फाउंड्रीचं माप म्हणजे भिंत."

"भिंत म्हणजे भिंत," दाजी म्हणाले.

तरी मॅडमच्या समाधानासाठी जुनी चौकट सोडवून काढली. ती जड. ती धरून उभं राहण्यापेक्षा मास्तरांनी भिंतीला टेकवली, आणि टेकवली ती नेमकी भिंतीवरच्या चित्राला. अक्का कोअरची वाळू झटकत उभ्या होत्या. त्यांचा हात थांबला.

चौकट चित्राच्या रेषेबाहेर येत होती. वरूनही येत होती, खालूनही येत होती.

"अरे," त्या म्हणाल्या, "ही तर भिंतीपेक्षा मोठी आहे."

सगळे जवळ आले. मेहुण्यांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. दाजींनी चौकट हलवून पाहिली, चित्र हलवता येईना म्हणून. फाउंड्रीच्या सगळ्या आयुष्यात भिंतीच्या मापाचं एकही यंत्र बाहेर पडलं नव्हतं, आणि ते कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं. एकाच यंत्राचे सगळे भाग सारखेच वाढलेले, त्यामुळे एकमेकांना बरोबर बसत.

ह्याचं कारण समजायला एक साधी गोष्ट माहीत हवी. लोखंड गार होताना आक्रसतं, थंडीत आपण पांघरुणात अंग चोरतो तसं. म्हणून साचा मुळात किंचित मोठाच हवा. त्यासाठी फर्मा करणाऱ्याकडे एक खास पट्टी असते. तिच्यावरचा इंच बाजारातल्या इंचापेक्षा जरासा लठ्ठ. त्या पट्टीनं मोजलं की वाढ आपोआप धरली जाते. दुसऱ्या कुणी काही धरायचं कारणच नाही.

"काय रे," अक्कांनी भावाला विचारलं, "पूर्वी तुझ्या त्या पट्टीनं मोजायचास ना?"

"अर्थात."

"आणि ह्या वेळी?"

मेहुण्यांनी दाजींकडे बघितलं नाही. "ह्या वेळी साधी पट्टी घेतली. म्हटलं, दाजी फर्मा उचलण्याआधी वाळूत ठोकून सैल करतात, त्यानं साचा जरा मोठा होतो, त्यात ते वाढीचं बघून घेतीलच. त्यांच्यावर अविश्वास कशाला दाखवायचा?"

अक्का नवऱ्याकडे वळल्या. "आणि तुम्ही?"

"मी पूर्वी चांगला दणकून ठोकायचो," दाजी खालच्या आवाजात म्हणाले. "ह्याचा फर्मा आखूडच असणार, असं धरून चालायचो. पण ह्या वेळी म्हटलं, मेहुण्यांनी पट्टीत धरलेलं असणार. म्हणून हळूच दोन टिचक्या मारल्या."

पूर्वी दोघांचा एकमेकांवर काडीचा विश्वास नव्हता, म्हणून वाढ दोनदा धरली जायची. आता दोघांचा पूर्ण विश्वास होता, म्हणून ती कुणीच धरली नव्हती.

"म्हणजे यंत्रं दणकट का व्हायची..." मॅडम म्हणाल्या आणि थांबल्या. त्यांच्या हातात दालनाच्या दारावर लावायच्या पाटीचा मजकूर होता. त्यात 'परस्परांवरील विश्वास' असे शब्द ठळक अक्षरांत होते. त्यांनी कागदाची हळूच घडी घातली.

"माझ्याकडे नका बघू," अक्का म्हणाल्या. "मीसुद्धा कोअर जरा जाडच करायची. म्हटलं, ह्या दोघांपैकी कुणीही चुकला तरी बोल्ट गेला पाहिजे."

आता उपाय सोपा वाटत होता. मेहुण्यांनी खास पट्टीनं दुसरा फर्मा केला. दाजींनी दणकून ठोकायचं कबूल केलं. पण प्रत्यक्षात साच्यापाशी बसल्यावर त्यांचा हात उठेना. आजारी माणसाच्या दारावर ठकठक करावं तसं त्यांनी ठोकलं. चौकट पुन्हा आखूड आली. ह्या वेळी थोडीच, पण बोल्टाला थोडं नि फार सारखंच.

"आणखी जोरात का नाही ठोकलंत?" अक्कांनी विचारलं.

"येत नाही," दाजी म्हणाले. "ते मोजून यायचं नाही गं. डोक्यात राग असला की हातात यायचं."

"मग फर्माच वाढवून करा ना काका," मॅडम मेहुण्यांना म्हणाल्या. "तेवढा फरक त्यातच धरा."

मेहुणे ताठ झाले. "मॅडम, हा फर्मा दालनात ठेवणार आहात. शंभर मुलं बघतील. तो भिंतीच्या मापाचाच असेल. पट्टी देते तेवढी वाढ. त्यापलीकडे एक सूतही माझ्या हातून व्हायचं नाही."

मॅडमनी हात टेकले. पुढच्या आठवड्यात शाळांची मुलं यायची होती. दालनाच्या समितीतले लोक आधीच म्हणत होते की यंत्र कशाला, त्याचा मोठा फोटो लावा. "फोटोचं चाक कसं फिरवणार मुलं?" त्या म्हणाल्या.

तेव्हा अक्काच म्हणाल्या, "मग दोघं थोडं भांडा."

दोघांनी मान डोलावली. तिसऱ्यांदा साचा मांडला. दाजी लाकडी हातोडा घेऊन बसले. मेहुण्यांनी घसा साफ केला.

"दाजी, तुम्ही... तुमचं वाळूचं काम तेवढंसं... म्हणजे तसं चांगलंच असतं."

"तुमचेही फर्मे कधीकधी..." दाजी विचारात पडले. "नाही, फर्मे सुबक असतात."

टिक, टिक, हातोडा वाजला. मास्तरांनी तोंड फिरवून हसू दाबलं.

अक्का वाळूच्या ढिगापाशी उभ्या राहून ही दोन माणसं बघत होत्या. त्यांना सगळं आठवत होतं. हे दोघं कशानं पेटतात ते त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण तेवढंच झाकायला त्यांचा जन्म गेला होता. एक शब्द बोलायचा की काम झालं. पण मग उद्या भाऊ टेबलाशी जेवायला येणार नाही. आठ-दहा दिवस तो आला होता. पाणी काय दिलं जात होतं, आधी तुम्ही घ्या काय चाललं होतं!

आणि त्यांना दुसरंही काही आठवलं. ह्या आठ-दहा दिवसांत त्या टेबलाशी कुणी एकदाही मोठ्यानं बोललं नव्हतं. कुणी एकदाही मोठ्यानं हसलं नव्हतं.

"अहो," त्या दाजींना म्हणाल्या, "त्या मोठ्या चाकाला तडा गेला ना, तो तुमच्या ओल्या वाळूनं गेला. असं हा अजून म्हणतो."

"अक्का!" मेहुणे दचकले.

"म्हणतोस की नाही?"

मेहुण्यांना बरेच दुर्गुण होते, पण खोटं बोलता येत नसे. त्यांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं.

"म्हणतो," ते म्हणाले. "कारण खरं आहे."

हातोडा थांबला. "काय खरं आहे?"

"वाळू ओली होती. पिळली असती तर पाणी पडलं असतं."

"पाणी?" धाड्‌! हातोडा फर्म्याच्या कडेला बसला. "त्या चाकाच्या आऱ्या कुणी केल्या होत्या? काडेपेटीतल्या काड्या बऱ्या!" धाड्‌! "मालकांसमोर माझी मान खाली गेली!"

"मान? तुमची मान त्या दिवशी भट्टीवाल्याशी गप्पा मारण्यात गुंतली होती!"

"गप्पा?" धाड्‌! "माझी वाळू कोरडी होती!" धाड्‌! "मुठीत दाबून बघितली होती मी!"

"मूठ तेवढी कोरडी असेल!"

"आणि तुमचा फर्मा? एका बाजूनं तर माशी बसली तरी वाकला असता!"

मास्तर घाईघाईनं फर्म्याकडे बोट दाखवू लागले, "बास, बास, सुटला!" पण दाजींनी आणखी एक ठेवून दिलाच. मग भांडता भांडताच त्यांनी फर्मा वर उचलला, आणि अक्कांनी पुढे होऊन कोअर साच्यात उभ्या केल्या. कोअर सरळ बसल्या. मग त्यांनी डोळे मिटले. लोखंड ओतल्याचा तो जुना आवाज त्यांनी डोळे मिटूनच ऐकला, आणि त्याच्यावर चढलेले दोघांचे आवाजही.

दुपार कलली तेव्हा चौकट गार झाली होती. वाळू झाडून ती फर्म्यांच्या खोलीत नेली आणि यंत्राला लावली. पहिला बोल्ट गेला. दुसऱ्या टोकाला मॅडमनी स्वतः बोल्ट भोकाशी धरला आणि बोटानं नुसता ढकलला. तो आत गेला. मॅडमनी चाकाला हात लावला. चाक एकदा फिरलं आणि थांबायचं विसरून फिरतच राहिलं. मॅडम टाळ्या वाजवायला लागल्या. मास्तरही वाजवायला लागले.

"माझ्या पट्टीमुळं," मेहुणे म्हणाले.

"माझ्या ठोक्यामुळं," दाजी म्हणाले.

"तुमच्या ठोक्यामुळं चाकाला तडा जातो."

"जा हो, तुम्ही घरी जा."

"जातोच."

आणि मेहुणे टोपी उचलून निघाले. फाटकातून बाहेर पडले, डावीकडे वळले, दिसेनासे झाले. फाउंड्री बंद झाली त्या दिवशी जसे वळले होते, अगदी तसेच. अक्का त्यांच्या पाठमोऱ्या सदऱ्याकडे बघत राहिल्या. मॅडम त्यांचे हात हातात घेऊन पुन्हापुन्हा आभार मानत होत्या. अक्का "हो, हो" म्हणत होत्या.

अक्का आणि दाजी घरी आले. संध्याकाळी अक्कांनी टेबल पुसलं आणि सवयीनं तीन ताटं मांडली. मग तिसरं ताट उचलून पुन्हा कपाटात ठेवलं. दाजींनी ते बघितलं. त्यांनी पेपर उघडला, पण पान उलटलं नाही.

"मी फार बोललो का गं?"

"मीच बोलले," अक्का म्हणाल्या.

पहिला घास हातात होता तेवढ्यात दार वाजलं. वाजलं म्हणजे कुणीतरी तळहातानं बडवलं. अक्कांनी दार उघडलं. मेहुणे दारात उभे होते, धापा टाकत, टोपी हातात, चेहरा लालबुंद. अक्कांना बाजूला सारून ते थेट टेबलाशी आले.

"तुम्ही म्हणालात माशी बसली तरी वाकला असता," ते म्हणाले. "त्या वेळी मला सुचलं नाही. पार घरी पोचलो, कुलूप काढलं, आणि तेव्हा सुचलं. सागवानी होता तो फर्मा, दाजी! सागवानी! सागवान माशीनं वाकतं?"

"सागवान?" दाजी उठून उभे राहिले. त्यांच्या डोळ्यांत असं तेज अक्कांनी कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं. "ते सागवान होतं? मग माझ्या घराचं दार सोन्याचं आहे!"

"वास घेऊन बघायचात!"

"वास घेण्याएवढा तो टिकला कुठं?"

मेहुण्यांनी खुर्ची ओढली आणि बसले. दाजीही बसले. "आधी तुम्ही घ्या" असं कुणीच म्हणालं नाही. बोलता बोलता मेहुण्यांनी दाजींच्या ताटातला घास उचलून तोंडात टाकला, आणि दाजींनी तिकडे लक्षच दिलं नाही, कारण त्यांचं वाक्य अजून संपायचं होतं.

अक्कांना राहवलं नाही. "काय रे," त्या म्हणाल्या, "आमच्या दाराला कुलूप असतं तर तेही मोडून आला असतास ना आज? मग इतकी वर्षं का नाही आलास?"

मेहुणे घास चावता चावता थांबले. त्यांना खरंच प्रश्न पडलेला दिसला.

"येऊन बोलणार काय, अक्का?" ते म्हणाले. "फाउंड्री बंद झाली. भांडायला काही उरलंच नव्हतं."

"आता आहे की," दाजी म्हणाले. "आता दालन आहे. रोज तिथं बसायचंय आपल्याला. मुलांना सांगायचंय की चाकाला तडा कुणामुळं गेला."

"सांगू या ना! मी सांगतो. भिंतीवर लिहून ठेवू या."

"भिंतीला हात लावलात तर बघा!"

अक्कांनी कपाटातलं तिसरं ताट काढलं, भावापुढे ठेवलं आणि स्वयंपाकघरात आणखी काही गरम करायला गेल्या. आतून त्यांना दोघांचे आवाज एकमेकांवर चढताना ऐकू येत होते. त्यांनी मोठं पातेलं घेतलं, कारण हे काही लवकर आटोपणारं नव्हतं.